दोन पायल्या

तिरोडा तालुक्यातील चोरखमारा हे गाव नागझिऱ्याच्या अरण्याच्या वेशीवर वसलेले आहे. एका अंगास तलाव, दुसऱ्या अंगास रान आणि मध्ये धानाच्या बांध्या, असा तेथील संसार. मागील मळणीच्या दिवसांत एका आजारी वृद्धास पवित्र कम्युनियन देण्यासाठी आम्ही तेथे गेलो होतो. प्रार्थना आटोपली, चहा झाला. घरातील तरुण नातू मोबाईलवर युद्धाच्या बातम्या पाहत होता. दूरच्या एका शहरावर क्षेपणास्त्रे पडली होती. एक राष्ट्र त्या कृत्यास अत्याचार म्हणत होते, तर दुसरे त्याच कृत्यास स्वसंरक्षण म्हणत होते. खाटेवर पडल्या पडल्या ते ऐकत असलेला वृद्ध म्हणाला, "फादर, माज्या बाच्या वक्ती सावकाराच्या घरी दोन पायल्या रायत. धान घ्याची येगळी, अन् द्याची येगळी. घ्याची मोठी रायत होती."

एवढे बोलून त्याने कूस बदलली. आम्ही मात्र परतीच्या वाटेवर त्या दोन पायल्यांचाच विचार करीत राहिलो. युद्ध आणि शस्त्रे यांविषयी जगातील राष्ट्रे जो न्यायनिवाडा करतात, त्याचे याहून नेमके वर्णन आमच्या वाचनात आलेले नाही. शत्रूचा अपराध मोजावयाची पायली मोठी आणि स्वतःचा मोजावयाची लहान. पवित्र शास्त्रात, अनुवादाच्या आणि नीतिसूत्रांच्या ग्रंथांत, थैलीत दोन प्रकारची वजने बाळगणाऱ्याचा परमेश्वराला वीट येतो असे स्पष्ट सांगितले आहे. तो नियम बाजारातील वाण्यापुरताच आहे आणि राजधान्यांना लागू नाही, असे शास्त्रात कोठेही म्हटलेले नाही.

इतरांकडे बोट दाखविण्यापूर्वी आपण आपल्याच घरापासून आरंभ करू. इ. स. ११३९ मध्ये भरलेल्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने यांत्रिक धनुष्याचा, म्हणजे त्या काळातील सर्वांत प्राणघातक शस्त्राचा निषेध केला, ही गोष्ट ख्रिस्तसभेच्या इतिहासात अभिमानाने सांगितली जाते. शस्त्राला नीतीचा लगाम घालण्याचा तो फार जुना प्रयत्न होता, हे खरेच. परंतु त्या नियमाचे शब्द नीट पाहिले तर मान खाली जाते. ते धनुष्य ख्रिस्ती व कॅथलिक लोकांविरुद्ध वापरू नये, असा तो निर्बंध होता. जे ख्रिस्ती नव्हते त्यांच्या छातीविषयी परिषदेने मौन पाळले. बाण तोच, वेदना तीच. पण पाप मात्र समोरच्या माणसाच्या धर्मावरून ठरले. आज राष्ट्रे जे करतात त्याचा कित्ता आपणच साडेआठशे वर्षांपूर्वी गिरवून ठेवला आहे, याचे भान ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

आता आपल्या आठवणीतील गोव्याचे उदाहरण घेऊ. १५१० साली पोर्तुगालने तलवारीच्या बळावर गोवा घेतला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आत गेले, तेव्हा पोर्तुगीज बंदुकांनी त्यांतील अनेकांचे बळी घेतले. त्यांत महाराष्ट्रातील माणसे होती. त्या वेळी पाश्चात्त्य राजधान्यांत नीतीचा घंटानाद झाला नाही. उलट त्याच वर्षी २ डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसमवेत काढलेल्या निवेदनात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा प्रांत असा केला. पुढे डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरताच मात्र सुरक्षा परिषद तातडीने बोलाविण्यात आली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांनी भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव मांडला. सात मते बाजूने, चार विरुद्ध, आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो बारगळला. ठराव मांडणाऱ्यांपैकी ब्रिटन व फ्रान्स यांनी पाचच वर्षांपूर्वी सुएझवर सैन्य उतरविले होते, आणि अमेरिकेच्या आशीर्वादाने क्यूबाच्या किनाऱ्यावर झालेल्या स्वारीस त्या वेळी जेमतेम आठ महिने लोटले होते.

तथापि आपली पायली तरी एकच होती काय? सुएझच्या वेळी आपण उच्च स्वरात निषेध केला. त्याच सुमारास, नोव्हेंबर १९५६ मध्ये, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टच्या रस्त्यांवर फिरले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारत तटस्थ राहिला. २ मार्च २०२२ रोजी युक्रेनवरील आक्रमणाच्या निषेधाचा ठराव आला, तेव्हाही आपण तटस्थच होतो. तटस्थतेची कारणे देता येतात आणि त्यांतील काही विचारार्हही आहेत. परंतु पंचशीलाचा उपदेश जगाला करणाऱ्याने स्वतःच्या मित्राच्या दारात तो उपदेश गिळावा, यास मुत्सद्देगिरी म्हणता येईल, नीती म्हणता येणार नाही. गोव्याच्या प्रश्नी आपल्या कॅथलिक घरांतही दोन पायल्या होत्याच. ट्रिस्टाव द ब्रागांझा कुन्हा यांच्यासारखा कॅथलिक कुळातील माणूस गोवामुक्तीसाठी पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेला. आणि त्याच वेळी पोर्तुगीज बंदूक ही जणू चर्चच्या दाराची कडी आहे, अशा समजुतीत आपल्यातील काही जण होते. बंदूक कोणत्या धर्माच्या हाती आहे हे पाहून आपण तिला बरी वा वाईट ठरविली, ही कबुली द्यावयास हवी.

अण्वस्त्रांच्या बाबतीत तर हा दुटप्पीपणा कायद्याच्या कलमातच बसविला गेला. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारानुसार १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी अणुस्फोट केला ती पाच राष्ट्रे अण्वस्त्रधारी, आणि बाकी सर्वांना मज्जाव. म्हणजे पाप करण्याची एक शेवटची तारीख ठरविण्यात आली, आणि तिच्या आधी ज्यांनी ते उरकले त्यांच्या पदरी अधिकार पडला. आपणही शस्त्रकपातीसाठी सद्‌भावनेने वाटाघाटी करू, असे वचन त्या पाचांनी त्याच करारात दिले होते. अर्धशतक उलटून गेले, तरी ते वचन पाळले गेलेले नाही. ११ व १३ मे १९९८ रोजी भारताने पोखरणला आणि २८ व ३० मे रोजी पाकिस्तानने आपल्या भूमीवर स्फोट केले, तेव्हा ६ जून रोजी सुरक्षा परिषदेने दोघांचाही एकमताने निषेध केला. निषेधासाठी हात वर करणाऱ्यांत फ्रान्स व चीन होते. १९९६ सालात दोघांनीही स्वतःचे स्फोट केले होते. आणि हजाराहून अधिक चाचण्या करून बसलेली अमेरिकाही त्यांत होती.

हा अन्याय आपल्या देशाने जगाच्या वेशीवर टांगला, ते योग्यच झाले. परंतु आपण काय केले? तुर्भे येथील ज्या अणुभट्टीतून १९७४ च्या स्फोटासाठी प्लुटोनियम आले, ती कॅनडाने शांततेच्या कार्यासाठी म्हणून दिली होती. आपण स्फोट केला आणि त्याचेच नाव 'शांततामय स्फोट' असे ठेवले. दुसऱ्या देशाने असे नाव ठेवले असते तर आपण हसलो असतो. १९९८ च्या मे महिन्यात गावोगाव पेढे वाटले गेले. ते आमच्या धर्मग्रामातही वाटले गेले आणि आम्हीही एक पेढा तोंडात टाकला. पुढे सप्टेंबर २००५ मध्ये, ज्या करारास आपण पक्षपाती म्हणून कधी हात लावला नाही, त्याच करारातील बंधने इराणने पाळली नाहीत अशा ठरावाच्या बाजूने आपण मत दिले. इराणने करारावर सही केली होती आणि आपण केली नव्हती, हा फरक खरा. परंतु पक्षपाती पायलीने शेजाऱ्याचे धान मोजावयास हातभार लावणाऱ्यास पुढे पायलीविषयी तक्रार करणे जड जाते. तीन वर्षांनी, ६ सप्टेंबर २००८ रोजी, अणुपुरवठादार राष्ट्रांनी आपल्यापुरती सवलत दिली. त्या दिवसापासून पक्षपाताविषयीचा आपला आवाज बराच मऊ झाला आहे. जून २०२५ मध्ये इस्राएलने व अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बाँबफेक केली. इस्राएल त्या कराराच्या बाहेर आहे आणि स्वतःजवळील अण्वस्त्रांविषयी चकार शब्द काढत नाही. अमेरिका तर सर्वांत जुनी अण्वस्त्रधारी. न्यायाधीश कोण आणि आरोपी कोण, हे येथे केवळ बळावर ठरले.

हीच रीत इतर शस्त्रांचीही आहे. १६ मार्च १९८८ रोजी इराकच्या राजवटीने हलब्जा येथे आपल्याच कुर्द प्रजेवर विषारी वायू सोडला. हजारो माणसे गुदमरून मेली. तेव्हा इराक हा इराणविरुद्ध उपयोगी पडणारा देश होता, म्हणून मोठ्या राष्ट्रांची जीभ जड झाली. पंधरा वर्षांनी, तो उपयोगी राहिला नाही तेव्हा, त्याच हलब्जाचे दाखले देऊन त्याच्यावर स्वारी करण्यात आली, आणि ज्या संहारक शस्त्रांच्या नावाने ती झाली ती सापडलीच नाहीत. क्लस्टर बाँबचेही तसेच. एका बाँबच्या पोटातून शेकडो लहान बाँब विखुरतात, त्यांतील काही न फुटता शेतात पडून राहतात आणि पुढे खेळणाऱ्या पोरांचे हात नेतात. २०२२ च्या आरंभी रशियाने ते युक्रेनमध्ये वापरल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा हा युद्धगुन्हा ठरू शकतो असे अमेरिकेच्या शासनाकडून सांगण्यात आले. जुलै २०२३ मध्ये तेच शासन युक्रेनला क्लस्टर बाँब देण्यास तयार झाले. युक्रेन आक्रमणाचा बळी आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु शेतात पडलेला न फुटलेला बाँब पोराला विचारत नाही की, मला आक्रमकाने टाकले की बळीने.

दूरच्या गोष्टी पुष्कळ झाल्या. चोरखमाऱ्याच्या आग्नेयेस, जंगलांची ओळ ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळ माओवाद्यांनी भूसुरुंग उडविला आणि पंधरा पोलीस जवान व त्यांच्या गाडीचा चालक जागीच ठार झाले. आदिवासींच्या न्यायासाठी शस्त्र उचलल्याचे सांगणाऱ्यांनी आदिवासींनाच खबरी ठरवून किती मारले, हे या पट्ट्यातील घरे जाणतात. जांभुळखेड्याचा निषेध करताना आमचा आवाज कापत नाही. परंतु सुरुंग हे भ्याड शस्त्र आहे असे आपण म्हणतो, तेव्हा आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. माणसांना मारणारे भूसुरुंग जगातून हद्दपार करण्याचा करार १९९७ मध्ये ओटावा येथे झाला. भारत त्यात सामील नाही. पाकिस्तान, चीन, रशिया व अमेरिकाही नाहीत. २००१-०२ मध्ये आपल्या पश्चिम सीमेवर आपण मोठ्या प्रमाणावर सुरुंग पेरले आणि ते काढून घेईपर्यंत सीमेवरील शेतकऱ्यांचे व जवानांचेही पाय गेले. आमचे सुरुंग कुंपणात असतात, नकाशावर नोंदलेले असतात, असे शासनाचे म्हणणे आहे, आणि ते माओवाद्यांच्या सुरुंगापेक्षा निराळे आहेत हे आम्ही मान्य करतो. तरीही, जे शस्त्र मुळात भ्याड आहे ते कुंपणात ठेवल्याने शूर होत नाही.

आणखी जवळ येऊ. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत आपण ज्या भंडारा जिल्ह्यात मोडत होतो, त्यातील जवाहरनगर येथे दारूगोळा कारखाना आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी तेथील स्फोटात आठ कामगार दगावले. वर्धा जिल्ह्यातील पुलगावला देशातील सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत तेथे अधिकारी, जवान व अग्निशामक दलाची माणसे जळून गेली. त्याच वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामही आहे, हे लिहिताना लेखणी थबकते. २०२४-२५ या वर्षात भारताने २३,६२२ कोटी रुपयांची संरक्षणसामग्री निर्यात केली आणि २०२९ पर्यंत हा आकडा ५०,००० कोटींवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. शस्त्रे विकणाऱ्या राष्ट्रांना आपण 'मृत्यूचे व्यापारी' म्हणत असू. आता आपल्या दुकानाची पाटी रंगते आहे, तेव्हा तो शब्द आपल्या भाषणांतून हळूच नाहीसा झाला आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक विधवा माता आली. मुलाला अशाच एका कारखान्यात नोकरी लागली होती आणि तिला कृतज्ञतेचा मिस्सा हवा होता. आम्ही तो आनंदाने अर्पण केला. त्या मातेला आम्ही दोष देत नाही, त्या मुलालाही नाही. उपाशी घराला घास मिळाला, त्याबद्दल देवाचे आभार मानलेच पाहिजेत. परंतु त्या मिस्साच्या प्रवचनात आम्ही कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालाविषयी एक अक्षर उच्चारले नाही. तो माल शेजारच्या देशात बनला असता, तर आम्ही नक्कीच बोललो असतो. आमच्याही सांदीत दुसरी पायली दडलेली आहे, हे त्या दिवशी आम्हांस उमगले नाही. पुष्कळ उशिरा उमगले.

त्या वेळी फादर जॉर्ज झाबेल्का यांचे स्मरण व्हावयास हवे होते. हिरोशिमा व नागासाकीवर बाँब टाकणाऱ्या अमेरिकन पथकाचे ते कॅथलिक धर्मगुरू होते. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीचा बाँब उराकामी या भागावर फुटला. जपानमधील कॅथलिकांची ती सर्वांत मोठी वस्ती होती. शतकानुशतके छळ सोसून ज्यांनी श्रद्धा जपली, त्यांचे कॅथेड्रल व हजारो माणसे क्षणात नष्ट झाली. बाँब वाहून नेणाऱ्या विमानाचा वैमानिकही कॅथलिक होता. पुढे फादर झाबेल्का यांनी उघडपणे पश्चात्ताप व्यक्त केला. नागरिकांवर बाँबफेक होत असल्याचे ठाऊक असूनही आपण गप्प राहिलो, हेच आपले पाप, असे ते सांगत राहिले. शत्रूच्या लोकांसाठी म्हणून बनविलेला बाँब आपल्याच वेदीवर पडला, या घटनेपुढे ११३९ सालचा तो निर्बंध किती केविलवाणा वाटतो!

येथे काही वाचक विचारतील, 'फादर, तुम्ही सर्वांना एकाच दावणीला बांधता. ज्याने आधी मारले आणि ज्याने प्रतिकार केला, ते दोघे सारखेच काय?' मुळीच नाही. पायली एक असावी, याचा अर्थ सर्वांचे धान सारखेच भरावे असा नाही. एकाच पायलीने मोजल्यावर एकाची एक पायली भरेल, तर दुसऱ्याची खंडी भरेल. सेमिनरीत संत थॉमस अक्विनास यांची शिकवण आम्ही अभ्यासली आहे: युद्ध अधिकृत सत्तेने पुकारलेले असावे, कारण न्याय्य असावे, हेतू शुद्ध असावा. देशाला स्वसंरक्षणाचा हक्क आहे, हे ख्रिस्तसभा आजही मान्य करते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे सव्वीस निरपराध माणसांची हत्या झाली. तिचे समर्थन करील असे एकही कारण जगात नाही. पुढे मे महिन्यात सीमेपलीकडून तोफगोळे आले, तेव्हा पूंछ येथील ख्राइस्ट स्कूलचे दोन विद्यार्थी आपल्या घरी मारले गेले. त्यांच्यासाठी आपल्या वेदीवर मेणबत्ती लागावयास हवी होती. त्याच रात्री सीमेपलीकडे एखादे मूल मेले असेल, तर त्याच्या आईचे दुःख आपण वेगळ्या पायलीने मोजावे, असे मात्र कोणत्याही देशाच्या संरक्षणासाठी आवश्यक नाही.

दुसरे कोणी म्हणतील, 'सगळेच दुटप्पी असताना आपणच भोळेपणाने एक पायली का ठेवावी?' सावकाराचे उत्तरही हेच असे. आणि तो एक गोष्ट विसरत असे की, ज्या दिवशी आपल्यावर अन्याय होतो त्या दिवशी दाद मागावयास आपल्याजवळ सचोटीचे माप लागते. १९९८ साली निषेध करणाऱ्या पाच राष्ट्रांचे शब्द आपल्याला पोकळ का वाटले? त्यांनी ते आपल्या वागण्याने पोकळ केले होते म्हणून. उद्या आपल्या तक्रारीचेही तेच होईल.

परमगुरू सहावे पॉल डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईस आंतरराष्ट्रीय ख्रिस्तशरीर परिषदेसाठी आले होते. शस्त्रांवरील खर्चाचा एक भाग काढून जगातील गरिबांसाठी निधी उभारावा, असे आवाहन त्यांनी आपल्या याच महाराष्ट्रातून जगाला केले. २०२४ साली जगाचा लष्करी खर्च २.७ लाख कोटी डॉलरांच्या वर गेला. तो निधी मात्र अद्याप उभा राहिलेला नाही. अण्वस्त्रांवर सर्वांना सारखीच बंदी घालणारा, कोणालाही तारखेची सवलत न देणारा करार २०१७ मध्ये झाला, तेव्हा त्यावर सही व शिक्कामोर्तब करणाऱ्या पहिल्या काही सत्तांत व्हॅटिकन होते. २४ नोव्हेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी हिरोशिमा येथे अण्वस्त्रांचा वापरच काय, ती बाळगणेही अनैतिक असल्याचे सांगितले. त्यांनी हे कोणा एका देशाला उद्देशून म्हटलेले नाही. ११३९ ते २०१९ हा प्रवास करावयास ख्रिस्तसभेला फार काळ लागला, परंतु दोन पायल्यांतील एक मोडता येते, हे त्यावरून दिसते. आता ते वचन रविवारच्या प्रवचनांत व आपल्या ओसरीवर किती उतरले, हाच प्रश्न आहे.

म्हणून वाचकहो, आमचे मागणे मोठे नाही. राष्ट्रांच्या राजधान्यांत आपले काही चालत नाही, परंतु आपल्या घरात चालते. बातम्या पाहताना मुलांनी 'बरे झाले, त्यांचे शंभर मेले' असे म्हटले, तर त्यांना थांबवावे. विश्वासणाऱ्यांच्या प्रार्थनांत युद्धातील मृतांचे स्मरण करताना 'आपले' हा शब्द गाळून पाहावा. ज्या घरांचा चरितार्थ दारूगोळ्याच्या कारखान्यांवर चालतो, त्यांच्याशी आम्हां धर्मगुरूंनी मौन सोडून प्रेमाने बोलावे, त्यांच्या जिवाच्या सुरक्षिततेविषयीही बोलावे. आणि आपल्या शासनाला, ते कोणत्याही पक्षाचे असो, आपण नम्रपणे परंतु पुनःपुन्हा विचारावे की भूसुरुंगबंदीच्या करारावर भारताची सही केव्हा होणार?

दावीद राजाला संदेष्टा नाथानने एका श्रीमंताची गोष्ट सांगितली, ज्याने गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेतली होती. राजा संतापला, त्या श्रीमंताला देहान्त दण्ड योग्य म्हणाला. तेव्हा नाथानने त्याला सांगितले की, तो माणूस दुसरा कोणी नसून राजा स्वतःच आहे. उरीयाला त्याने युद्धाच्या आघाडीवर पाठवून शत्रूच्या हातून मारविले होते. दावीदाचे मोठेपण असे की, त्याने नाथानला तुरुंगात टाकले नाही, त्याचे बोलणे शत्रूचा प्रचार ठरविले नाही. तो म्हणाला, मी पाप केले आहे. एवढे बोलण्याचे धैर्य ज्या राष्ट्राला व ज्या घराला होईल, तेथे दुसरी पायली फार काळ टिकणार नाही.